लंचनचं राहिलेलं वाक्य

सरांना कुणी "काय सर, बरं आहे का?" असं विचारलं की मी आधी घड्याळ बघायची. कारण सर आता उत्तर देणार, आणि ते खरं देणार. दूधवाला बिचारा किटली हातात धरून फाटकात उभा, आणि सर सांगतायत की काल संध्याकाळी उजवा गुडघा दुखत होता, मग काकूंनी तेल चोळलं, आज दुखत नाही, पण पायरी उतरताना मनात भीती असते. दूधवाल्याला पुढं दहा घरं घ्यायची असायची. त्यानं शेवटी विचारणंच सोडलं. लांबूनच "नमस्कार" म्हणायचा आणि दूध काकूंकडं द्यायचा.

टिळकवाडीत सर आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, यांचं बैठं घर होतं. मागं एक खोली, तिला वेगळं दार. मी मूळची सदलग्याची. बेळगावात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायची नोकरी लागली तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, ओळखीतून ती खोली शोधली. सर हायस्कूलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. संध्याकाळी पुढच्या खोलीत इंग्रजी बोलायचा क्लास घ्यायचे. भाडेकरणीनं त्या क्लासला बसायचं, ही त्यांची अट. आप्पांना वाटलं, वा, खोलीबरोबर शिक्षण फुकट. त्यांना काय माहीत पोरीच्या नशिबात काय वाढून ठेवलंय ते.

क्लासला सगळ्या तऱ्हेची माणसं यायची. दोन नर्सबाई, एक बस कंडक्टर, मुलाखतीला जाणारी पोरं, आणि नातवंडांचं इंग्रजी कळावं म्हणून आलेल्या एक आजी. सर फळ्यावर एक शब्द लिहायचे आणि म्हणायचे, "वाक्यात उपयोग करा." एवढं कुठल्याही शाळेत असतं. पण सरांचा नियम होता की वाक्य खरं पाहिजे. तुमच्या बाबतीत घडलेलं पाहिजे. "राम बाजारात जातो" असलं वाक्य कुणी केलं की सर विचारायचे, कुठला राम, कुठल्या बाजारात, तुला भेटला कधी? आणि वर म्हणायचे, "मग खोटं का बोलतोस परक्या भाषेत? आपल्या भाषेत बोलतोस तेवढं पुरे की."

त्या कंडक्टरनं एकदा वाक्य केलं, माझी छत्री हरवली.

"कधी?" सर.

"सर, उदाहरण हाय ते."

"छत्री आहे का तुझ्याकडं?"

"न्हाय."

सर आत गेले, स्वतःची काळी लांब दांड्याची छत्री घेऊन आले आणि त्याच्या हातात दिली. "घेऊन जा. हरवली की लिही." त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. त्यानं ती छत्री जिवापाड जपली, बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं बांधून ठेवली. आणि एक दिवस खासबागच्या बाजारात भाजी घेताना ती खरोखरच गेली. दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी सगळ्या क्लासला चहा सांगितला आणि त्या कंडक्टरकडून ते वाक्य मोठ्यानं वदवून घेतलं. काकू आतून म्हणाल्या, "ह्यांच्या वाक्यांपायी एक दिवस मला घरातनं बाहेर पडायला लागंल." काकूंचं तोंड असं होतं. लग्न झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं म्हणे, आमटी कशी झालीय, आणि सरांनी सविस्तर सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी सरांना विचारणं सोडलं, आणि मी राहायला आल्यावर आमटीचं मला विचारायच्या.

ज्या शब्दाचं खरं वाक्य कुणाकडंच निघायचं नाही, तो फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात जायचा. वर "बाकी" असं लिहिलेलं. तिथं बर्फ होता, जहाज होतं, आणि लंचन होतं. जहाज एका नर्सबाईनं पुसलं, ती गोव्याला जाऊन आली तेव्हा. बर्फ पडलेला कुणी बघितला नव्हता. पण सरांचा जीव अडकला होता तो लंचनमध्ये.

शाळेच्या जुन्या पुस्तकात एक धडा होता, त्यात कुणी साहेब कुणाला तरी लंचनला बोलावतो. सरांनी सगळी नोकरी तो धडा शिकवला. अर्थ सांगायचे, दुपारचं रीतसर जेवण. पोरं लिहून घ्यायची. आणि सर घरी येऊन काकूंना म्हणायचे, आज परत खोटं शिकवलं. कारण ते स्वतः कधी कुठल्या लंचनला गेले नव्हते. निवृत्तीच्या दिवशी तरी होईल असं त्यांना वाटलेलं, तर शाळेनं संध्याकाळी पाच वाजता वेफर, पेढा आणि चहा दिला.

क्लासमध्ये आम्ही लई प्रयत्न केले. मी म्हटलं, सर, लग्नाची पंगत घ्या. सर म्हणाले, तिथं हजार माणसांना एकच पत्रिका, तू गेलीस काय आणि न गेलीस काय, भात तेवढाच शिजतो. आजी म्हणाल्या, देवळातला महाप्रसाद. सर म्हणाले, तिथं यजमान देव, तो कुणाला बोलवत नाही, आपणच जातो. नर्सबाई म्हणाली, आमच्या डॉक्टरांना औषध कंपनीनं हॉटेलात जेवण दिलं. सर म्हणाले, ते डॉक्टरांचं वाक्य, तुझं काय?

"मग लंचन म्हणायचं तरी कशाला?" मी वैतागून विचारलं.

"वेळ दुपारची. बोलावणं नाव घेऊन. आणि त्या जेवणावर काहीतरी अवलंबून पाहिजे," सर म्हणाले. "पोटात भूक असली तर जेवण. काही कारण असलं तर लंचन."

सरांना आणखी एका गोष्टीचा संताप होता, तो म्हणजे "बघू". आमच्या भागात "बघू" हा रोजचा शब्द. द्यायचं नसलं की बघू, यायचं नसलं की बघू, आणि तोंडावर नाही म्हणायची लाज वाटली की बघू की. सरांपुढं कुणी तो शब्द काढला की ते हात वर करून थांबवायचे. कोण बघणार, काय बघणार, कधी बघणार? त्यांच्या पुतण्यानं एकदा गणपतीला येतो का म्हटल्यावर फोनवर बघू म्हटलं, तर सर फोन धरून बसले, तो येतो किंवा येत नाही म्हणेपर्यंत. शेवटी तो येत नाही म्हणाला. सर खूश. काकू चार दिवस फुगून बसल्या होत्या.

अशा माणसाला मी माझ्या लग्नाच्या बोलण्यात घेतलं. मुद्दाम घेतलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

स्थळ निपाणीचं होतं. मुलगा बेळगावातच एका कारखान्यात इंजिनीअर, शनिवारी गावाकडं जायचा. वडील लहानपणीच गेलेले, घरात आई आणि काका. काका म्हणतील ती पूर्व दिशा. सदलग्याला मला बघायला आले तेव्हा आम्हा दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं. मी सरळ विचारलं, माझ्या नोकरीचं काय? तो म्हणाला, "मला चालेल, मला आवडेल पण. पण काकांच्या पुढं आमच्यात कुणी बोलत न्हाय." काकांचं म्हणणं, सून निपाणीला घरात राहायची, मुलगा शनिवारी येतोच आहे. पोरगा मला आवडला होता, हे मी लपवत नाही. प्रांजळ होता, माझ्याकडं बघून बोलत होता, आणि माझ्या कामाबद्दल त्यानं दोन शहाण्यासारखे प्रश्न विचारले होते.

पुढची रीत अशी, की मुलीकडच्या मोठ्या माणसांनी मुलाचं घर बघायला जायचं. मुलीनं जायचं नसतं. घर बघून चहा घेतला आणि "घाईत आहे, जेवायला परत कधीतरी येऊ" म्हणून उठलं, तर त्याचा अर्थ नाही. कुणाला काही बोलावं लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही. आणि जेवायला बसलं, तर ठरलं. पहिला घास म्हणजेच होकार. त्यानंतर मागं फिरलात तर दोन्ही गावांत तोंड दाखवायला जागा नाही.

आणि आमचे आप्पा कसे, तर कुणी पुढं ताट ठेवलं की त्यांना नाही म्हणता येत नाही. अन्नाला पाठ दाखवायची म्हणजे त्यांना पाप वाटतं. मला ते ठाऊक होतं. त्यांना मी सांगितलं, नोकरीचं स्पष्ट बोलल्याशिवाय जेवू नका. आप्पा म्हणाले, "व्हय बाळ, इचारतो की." त्या "इचारतो की"वर मी माझा जन्म सोडून द्यायला तयार नव्हते. मी सरांकडं गेले आणि म्हटलं, सर, वडीलधारे म्हणून तुम्ही आप्पांच्या बरोबर जा.

सर म्हणाले, "तुला काय पाहिजे ते पूर्ण सांग."

मी म्हटलं, "मला तो मुलगा आवडलाय. आणि मला माझी नोकरी सोडायची नाही."

"यातलं एकच मिळत असलं तर?"

काकू कांदा चिरत होत्या, त्यांनी हात थांबवला. मग मी म्हटलं, "तर नोकरी."

"येतो मी निपाणीला," सर म्हणाले.

रविवारी लॅब अर्धा दिवस चालू असते, मी मुद्दाम कामावर गेले. खोलीत बसून वाट बघणं मला जमलं नसतं. आप्पा, सदलग्याचे आमचे चुलते आणि सर असे गाडीनं निपाणीला गेले. काकूंनी बरोबर गोड कुंद्याचा डबा दिला होता. आप्पांना सांगून ठेवलं होतं, चहा घेऊन निघालात तर "निघालो" एवढा मेसेज करा, जेवलात तर "जेवलो". साडेबारा झाले, एक झाला, काही नाही. आप्पांचा फोन लागेना. चहा घेऊन निघायचं असतं तर एव्हाना निघायला पाहिजे होते. म्हणजे बसले. म्हणजे आप्पांनी खाल्लं असणार. मी मशिनवर नळ्या लावत होते आणि मनात आप्पांशी कडाकडा भांडत होते.

दीडच्या पुढं सरांच्या साध्या फोनवरून इंग्रजीत मेसेज आला. आम्ही लंचनला बसलो आहोत. अजून सुरुवात केलेली नाही.

मी तो दोनदा वाचला. मग हातमोजे काढले आणि बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

तिकडं काय चाललं होतं ते आप्पांनी नंतर सांगितलं, आणि सांगताना प्रत्येक वेळी कपाळाचा घाम पुसला. चहा झाला, घर बघून झालं. पुढच्या सोप्यात पाट मांडले, ताटं वाढली. पुरणपोळी, कटाची आमटी, भरलं वांगं, मसालेभात, सगळं बैजवार. मुलाकडची माणसं समोरच्या ओळीत. आप्पांना नोकरीचं विचारायला तोंडच उघडेना, आणि "चला, बसूया" म्हटल्यावर ते बसले. आता पंगतीत जो वयानं मोठा पाहुणा, त्यानं घास घेतल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावत नाही. आणि सगळ्यात मोठे होते सर. सरांनी ताटाला नमस्कार केला, हात मांडीवर ठेवला आणि काकांना विचारलं, "लग्नानंतर मुलगी बेळगावात राहून नोकरी करणार का?"

काका हसले. वाईट माणूस नव्हता तो, आजही नाही. म्हणाले, "सर, आता घरातलीच व्हनार की ती. बघू की. तुम्ही जेवा."

"कोण बघणार?" सर म्हणाले. "काय बघणार? कधी बघणार?"

"अवो, जेवता जेवता बोलू की."

"जेवल्यावर बोलायचं काही शिल्लक राहत नाही. तुम्हाला रीत ठाऊक आहे, मलाही आहे. तेव्हा पूर्ण काय ते सांगा. करणार म्हणा, नाहीतर करणार नाही म्हणा. काहीही म्हणालात तरी मी राग धरणार नाही."

आप्पा सरांच्या शेजारी बसले होते. त्यांनी गुडघ्यानं सरांचा गुडघा ढोसला. तो नेमका दुखरा गुडघा. सर म्हणाले, "अहो, तो गुडघा दुखतो माझा," आणि परत काकांकडं बघत बसले. पोळीवरचं तूप थिजायला लागलं. आमटीवर पापुद्रा धरला. समोरच्या ओळीतली माणसं ताटाकडं बघत होती आणि एकमेकांकडं बघत होती. काका लाल झाले. म्हणाले, आमच्या घरात असं कुणी विचारलेलं न्हाय आजपातुर. सर म्हणाले, मी विचारतोय. मुलगा समोरच बसला होता, तो तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या दारातनं आवाज आला, "मी सांगते."

मुलाची आई होती. तुपाची वाटी घेऊन दारात उभी.

तिनं तिथं जे सांगितलं, त्याला सर म्हणाले, हे मला सांगून उपयोग नाही, जिचं लग्न आहे तिला सांगा. आणि त्यांनी खिशातनं फोन काढून मला लावला. पंगत तशीच बसलेली.

मी व्हरांड्यातच होते. फोन पुरता वाजायच्या आत उचलला.

सर म्हणाले, "इथं एक बाई बोलणार आहेत. नीट ऐक." मग खरखर झाली, आणि एका बाईचा आवाज आला. फोनवर बोलायची सवय नसल्यासारखा मोठा.

"मी पोराची आई बोलतेय. मलाबी नोकरी लागली हुती, लग्नाच्या आधी. दवाखान्यात, नर्सबाईची. माझं वडील ह्या घरात आलते, ह्याच सोप्यात बसलते. त्यांनी इचारलं, पोरगी नोकरी करंल का? मामंजी म्हनाले, बघू की. माझ्या वडलांनी त्या 'बघू'वर जेवून घेतलं." मला तिचा श्वास ऐकू येत होता. "त्या 'बघू'चा पोरगा आता लग्नाला आलाय. तू बेळगावातच ऱ्हायचं. नोकरी करायची. पोरं झाली तरी करायची, मी येऊन सांभाळीन. हे मी सगळ्यांच्या देखत बोलतेय. भावजी हितं बसल्यात. त्यांना न्हाय म्हनायचं असलं तर त्यांनी आत्ता म्हनावं."

पलीकडं कुठंतरी भांडं सरकल्याचा आवाज आला. मी भिंतीला टेकले. त्या बाईला मी एकदाच बघितलं होतं, सदलग्याला, पदर घेऊन कोपऱ्यात बसलेली, पोहे सुद्धा अर्धेच खाल्लेले. तिच्यात एवढं बोलणं असेल असं मला वाटलं नव्हतं. मला रडू येत होतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं.

मग काकांचा आवाज आला, लांबून, जड. "वैनी, तुमी हे आधी कधी बोलला न्हाई."

"मला कुणी इचारलं न्हाई," ती म्हणाली.

मग काका म्हणाले, "करंल ती नोकरी. बेळगावात ऱ्हाईल. मी म्हनतो. सांगा तिला."

फोन परत सरांच्या हातात आला. मला वाटलं आता सर खुशीत असतील, त्यांना एवढी वाक्यं एका दमात कधी मिळाली नव्हती. पण ते हळू आवाजात बोलले, क्लासमधल्यासारखं नाही. म्हणाले, "सगळ्यांचं बोलून झालं. तुझं राहिलंय. घास मी घेतला तर तुझा होकार होतो. तो मी तुझ्या वतीनं देणार नाही. तू सांग."

आमच्या घराण्यात कुठल्या मुलीला असं कुणी विचारलं नव्हतं. पंगत वाढून झाल्यावर, सगळी माणसं बसलेली असताना, तुझं काय असं. माझ्या आईला नाही, आत्याला नाही, आणि त्या दारात उभ्या असलेल्या बाईला तर नाहीच. तिकडं एवढी माणसं गार झालेल्या आमटीपुढं बसली होती, माझे आप्पा बसले होते, तो बसला होता, आणि सगळे माझ्यासाठी थांबले होते.

मी डोळे पुसले. म्हटलं, "सर, आईंना आधी पंगतीत बसवा. मग जेवायला सुरुवात करा."

पाट ओढल्याचा आवाज आला. "आई, तू बस, मी वाढतो" असं कुणीतरी म्हणालं, तो त्याचा आवाज होता. मग ताटांना हात लागले. फोन बंद करायचं सरांच्या लक्षात राहिलं नाही, आणि मीही बंद केला नाही. व्हरांड्यात उभी राहून मी त्यांचं जेवण ऐकत राहिले.